मावशीने पारखून घेतलेली गळाची काठी

माझ्या मावशीइतकी घाई साऱ्या शहापूर तालुक्यात कुणाला नसेल. सापगावच्या तिच्या घरी भाताला उकळी फुटायच्या आत पानं मांडलेली असायची, आणि पाहुण्याने चपला काढायच्या आधी "मग आता परत कधी येशील?" असं विचारून झालेलं असायचं. मेथी पेरली की तिसऱ्या दिवशी माती उकरून कोंब आले का ते बघायची, आणि मेथी उगवली नाही म्हणून बियाणंवाल्याशी भांडायची. घाई नसे ती फक्त खरेदीत. वस्तू दुकानातच वापरून बघायची, हा तिचा नियम. एकदा झाडू घ्यायला म्हणून गेली, अख्खं दुकान झाडून काढलं आणि "भुसा जाम गळतो" म्हणत झाडू परत ठेवून आली. दुकानदाराने उलट तिला चहा पाजला.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, अगदी उलट. आसनगाव स्टेशनवरून रोज लोकलने कल्याणला नोकरीला जाणारा, शांत आणि मोजकं बोलणारा माणूस. निवृत्त झाल्यावरही ते पहाटे उठून दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि पडवीत खुर्चीवर बसून राहायचे. हळूहळू त्यांचं बोलणंच बंद झालं. मावशी मला म्हणाली, "यांना कशात तरी गुतवलं नाय ना रे, तर माणूस बसल्या जागी वाळून जाईल." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला तिची फार काळजी वाटली.

मग एका दुपारी टीव्हीवर कुणी गोरा नदीत उभा राहून डोक्यावरून लांबलचक दोरी फिरवत मासे धरताना दिसला. काकांनी खुर्ची जराशी पुढे ओढली. मावशीला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन मुंबईच्या एका गळाच्या दुकानात हजर. दुकानदाराने आधी सोनेरी, चकचकीत रीळ पुढे केलं. रीळ नेमकं काय करतं, असं तिने विचारलं. छोट्या माशांसाठी नुसती दोरी गुंडाळून ठेवतं, असं तो बिचारा खरं बोलून गेला. मावशीने लगेच साधं रीळ उचललं. काठ्या मात्र तिने एकेक करून फुटपाथवर नेऊन फिरवल्या. एक ताठ निघाली, ती तिने म्हैस हाकायला योग्य ठरवली. दुसरी फारच लुळी. तिसरीची दोरी एका गृहस्थाच्या छत्रीला गुंडाळली गेली, तेव्हा त्यांनाच "जरा हलू नका" अशी तंबी मिळाली. ती तिसरी अर्ध्यापर्यंत वाकून नीट सरळ व्हायची. शिकाऊ माणसाला हीच बरी आणि परवडणारीही, असं दुकानदार म्हणाला. फक्त दोरीत काटकसर करू नका, कारण माशीसारख्या दिसणाऱ्या या पिसांच्या गळाला वजन नसतं, त्याला दोरीच वाहून नेते.

भातसा नदीच्या काठावर काकांनी काठीकडे पाहिलं, "कशाला आणलीस?" म्हणाले आणि दगडावर जाऊन बसले. मग मावशीच सरसावली. दोरी मागे जाते न जाते तोच पुढे हिसका. दोरी तिच्याच डोक्यावर, मग खांद्यावर, शेवटी गळ मागच्या करंजाच्या झाडात. काका उठले. त्यांनी गळ सोडवला आणि तिच्यामागे उभे राहिले.

"थांब गो. मागं गेलेली दोरी पुरी सरळ होऊ दे. मग पुढं घे."

मावशी थांबली. दोरी मागे उलगडली, पुढे आली आणि पाण्यावर अलगद पडली. मासाबिसा काही लागला नाही. पण काकांनी हात पुढे केला, "आण इकडं." घरी येताना ते वाटभर पाण्याबद्दल बोलत होते आणि मावशीने त्यांचं बोलणं एकदाही मध्ये तोडलं नाही.

आता काकांचे हात थरथरतात. काठी मावशी धरते, ते दगडावर बसून सांगतात. मागच्या थंडीत मी गेलो होतो. तिने दोरी मागे टाकली आणि काकांकडे पाहिलं. हल्ली त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. दोरी केव्हाच मागच्या गवतात पडली होती, तरी मावशी हात वर धरून तशीच उभी होती.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "घे आता."