धुराड्याखालची कानबाई

ती नथ मी अजून विसरलेलो नाही. इंग्रजांचे राज्य होते आणि मी शहाद्याला फौजदार होतो. तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळ एका गोऱ्या कापूस व्यापाऱ्याने हौसेने बंगला बांधला होता. टोकदार छपरे, कडेला कोरीव लाकडी झालर, खिडक्यांना रंगीत काचा. आणि दिवाणखान्याच्या भिंतीत चक्क शेकोटी, वर धुराडे! खानदेशच्या उन्हात शेकोटी बांधणाऱ्याला काय म्हणावे? साहेब विलायतेला गेल्यावर दोघा शेतकरी भावांच्या कुटुंबाने बंगला घेतला, शेकोटीत देव मांडले आणि दिवाणखान्याचे देवघर केले. मला ते घर फार आवडे.

श्रावणात कानबाई, म्हणजे खानदेशची घरोघरची देवी, बसवायच्या दिवशी सकाळीच देवीची सोन्याची नथ नाहीशी झाली, आणि नथीशिवाय देवी बसवता येत नव्हती. धाकट्या भावाने फिर्याद दिली. खबऱ्याने सांगितले, बंगल्याचा म्हातारा भिल्ल राखणदार मागच्या दाराने गाठोडे घेऊन जाताना दिसला. त्याला ठाण्यात आणले. गाठोड्यात निघाल्या खिडक्यांच्या काचा! कानबाई उठली, म्हणजे तिचे विसर्जन झाले, की दोघे भाऊ वेगळे होणार, बंगला पाडून सागवान विकणार, असे तो म्हणाला. काचा तरी वाचाव्यात म्हणून त्याने त्या काढल्या होत्या. नथीचे त्याला काही सांगता येईना. तुरुंग चुकत नाही, असे हवालदाराने त्याला तोंडावर सांगितले.

मी पंचनाम्याला बंगल्यावर गेलो. बायकांनी आदल्या दिवशीच शेकोटीला पांढरा चुना दिला होता, आणि त्या चुन्यावर काजळी सांडलेली. मी धुराड्यात हात घातला. आतल्या कपारीत फडक्यात बांधलेली नथ होती. राखणदारानेच लपवली, असे धाकटा म्हणू लागला. पण त्या म्हाताऱ्याला देवघराचा उंबरठा ओलांडायची मुभाच नव्हती. मी तसे बोलून दाखवले.

तेव्हा थोरली सून पुढे आली. दिरासमोर कधी न बोलणारी बाई.

"सायेब, तेले सोडी द्या. नथ मी दपाडी. कानबाई उठनी का हाई घर मोडतीन. मंग तिले कोठे बसाडू?"

थोरल्या भावाने मान खाली घातली. मग त्याने धाकट्याला फिर्याद मागे घ्यायला सांगितले. पाडापाडीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

मुद्देमाल मिळाला की तपास संपला, असे आम्हाला शिकवले होते. तो का लपवला, हे विचारायला मला त्या बाईने शिकवले.

संध्याकाळी राखणदाराला मी स्वतः बंगल्यावर पोचवले. कानबाईच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला कणभरही द्यायचे नाहीत, अशी तिकडची कडक रीत. थोरली उंबरठ्यापर्यंत आली आणि तिने एक रोट म्हाताऱ्याच्या ओंजळीत ठेवला. दोघे भाऊ बघत होते. कुणी हटकले नाही.