दिवे लागायच्या आधीची वीज

माझी जीभ तिखट आहे, हे सदाशिव पेठेतल्या निम्म्या दुकानदारांनी मला तोंडावर सांगून झालंय. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. वाघोलीच्या त्या कॉलेजात मात्र वाटलं.

मी एका मोठ्या कंपनीत विजेच्या स्मार्ट मीटरच्या आतला प्रोग्रॅम लिहिते. मीटर एका कंपनीचा असतो, आणि त्याचं रीडिंग गोळा करून पुढे पाठवणारी पेटी दुसऱ्याच कंपनीची. दोघांचं जमलं नाही तर सगळं मुसळ केरात. म्हणून आम्ही एकमेकांचे वैरी असूनही मिळून एक संघ काढलाय आणि नियमांचं एकच पुस्तक ठरवलंय. वर्षातून एकदा सगळे आपापली यंत्रं घेऊन जमतात, यंदा त्या कॉलेजात, आणि प्रत्येकाचं प्रत्येकाशी जुळतंय का ते बघतात. पहिलीच अट अशी, की कोणा एकासाठी वेगळा नियम घालायचा नाही.

त्या सकाळी आमच्या मीटरसमोर नारायण पेठेतल्या एका काकांची पेटी आली. दोन खोल्यांतला कारखाना. ते आणि काकू, एवढीच कंपनी. जुळलेल्यांच्या यादीत नाव लागलं तर काम मिळणार, नाहीतर दाराला कुलूप. हे त्यांनीच चहा पिताना सांगितलं, तेही अगदी सहज.

दहा ते साडेदहा आम्ही दिव्यांची एक फळी पेटवून ठेवली. मग काकांच्या पेटीनं वाचलेलं पडद्यावर उमटलं: वीज खर्च झाली साडेनऊ ते दहा. दिवे लागायच्या आधीच!

"काका, पेटीत ज्योतिषी बसवलाय का?" मी म्हणाले. अख्खा हॉल हसला. काकाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. मुख्य परीक्षकांनी सांगून टाकलं, की दोन वाजेपर्यंत जुळलं नाही तर पेटी बाद.

जेवणाच्या सुट्टीत काका माझ्यापाशी आले. हातात नियमांचं पुस्तक, पायात अंगठा शिवून घेतलेल्या चपला.

"मॅडम, आपण हे पान एकदा बघता का? अर्धा तास संपतो तेव्हाची वेळ लिहायची, असं दिलंय. तुमचा मीटर बहुतेक सुरुवातीची वेळ लिहितोय."

"अहो, आमचा मीटर रोज तपासला जातो," मी म्हणाले आणि पानात कोशिंबीर वाढून घेतली. ते परत गेले.

पण घास काही उतरेना. रोज तपासतो, खरंय. कशावर? तर मीच प्रोग्रॅम लिहिलेल्या, आमच्याच चाचणीच्या पेटीवर. मीच पेपर काढणार, मीच सोडवणार, मार्कही मीच देणार! मीटर सुरुवातीची वेळ लिहितो आणि आमची पेटी ती सुरुवातीची म्हणूनच वाचते, मग चूक दिसणार कुठून? ताट सारलं आणि लॅपटॉप उघडला. चूक माझीच होती, माझ्याच हातची.

साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "तोंड उघडू नका. आपले मीटर घरोघरी बसलेत. लोक आपल्याशी जुळवून घेतील."

हॉलमध्ये आले तर काका पेटीवर वाकून प्रोग्रॅम बदलत होते. दोनला दहा मिनिटं होती.

"काय करताय?"

"तुमच्याशी जुळवतोय. सगळी रीडिंग अर्धा तास पुढे ढकलतोय."

"अहो, मग पुढे बाकीच्यांशी बिघडेल ना!"

"बिघडेल," ते म्हणाले. "पण दोनच्या पुढे तरी टिकेन."

मला सरळ रडू आलं, आणि राग आला तो साहेबांचा की माझा, कोण जाणे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवत आले होते. उठले, परीक्षकांच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "पेटी बरोबर आहे. आमचा मीटर चुकलाय. तो बाद करा."

परीक्षकांनी काकांना पेटी पूर्ववत करायला लावली आणि तिसऱ्याच कंपनीचा मीटर जोडला. पुन्हा दिवे लागले. तो अर्धा तास सरता सरेना. साहेबांचे फोन येत होते, मी उचलत नव्हते. काका डोळे मिटून बसले होते. शेवटी पडद्यावर आकडे आले. दिवे लागले तेव्हापासून विझेपर्यंत, तंतोतंत.

निघताना मी त्यांना गाठलं. "काका, ते ज्योतिषाचं बोलले, त्याबद्दल माफ करा."

"छे हो, त्याचं काही नाही," ते पेटी पिशवीत ठेवत म्हणाले. "थट्टा चालते. मी पान दाखवलं, तेव्हा तुम्ही पानाकडे बघितलंच नाहीत, माझ्या चपलांकडे बघितलंत. ते लागलं."

खोटं कशाला बोलू? बघितलं होतं.