जागेच्या मालकाला विचारून

ऐंशीच्या दशकात आम्ही कार्डिफहून लीड्सला आलो आणि ह्यांच्या हॉस्पिटलजवळ एक टेरेस हाउस, म्हणजे रांगेतलं भिंतीला भिंत लागून असलेलं घर, घेतलं. खिडक्यांना आधीच्या मालकिणीचे तपकिरी पडदे होते. मला ते बघवत नसत, पण बदलले नाहीत. दोन वर्षांनी पुण्याला परत जायचंच होतं ना! वास्तुशांतसुद्धा मी होऊ दिली नाही. लेस्टरहून गुरुजी यायला तयार होते. मीच म्हटलं, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, त्याला कसली शांत? जीव मात्र थाऱ्यावर नसायचा. फोन वाजला की पुण्याचाच वाटायचा, आणि नसला की मी दिवसभर धुसफुसायची.

शेजारीण बँकॉकची, त्याच हॉस्पिटलात नर्स. नवरा यॉर्कशरचा. तीही परत जाणार होती, नवऱ्याला घेऊन. त्यावरच तर आमची गट्टी जमली. मागच्या भिंतीशी चहाचे मग घेऊन आम्ही इंग्रजीत आपापल्या गावांच्या बढाया मारायचो. तिच्या बँकॉकच्या घरापुढे कालवा होता. होडीतून नूडल्स विकणारी बाई थेट पायरीपाशी यायची. अंगणात एका खांबावर चिमुकलं घर होतं, त्या जमिनीच्या राखणदार देवाचं. माणसांनी त्याची जागा घेतली, म्हणून त्याला वेगळं घर द्यायचं. रोज फुलं, उदबत्ती आणि स्ट्रॉ घातलेली लाल सरबताची बाटली ठेवायची.

"मग इथे का नाही मांडत?" मी विचारलं.

"मांडलं म्हणजे इथे राहायची परवानगी मागितली. मला कुठे इथे राहायचंय?"

मला हे फारच पटलं. वास्तुशांत न करण्याला आयतं कारण मिळालं.

दोन वर्षांची बघता बघता दहा झाली. आमची लेक शाळेतून अस्सल यॉर्कशरी हेल काढत यायला लागली. दिरांनी फोनवर सांगितलं, पुण्याचं घर बिल्डरला दिलंय, तुम्हालाही एक फ्लॅट मिळेल. मी म्हटलं, फ्लॅट तर फ्लॅट. जायचं म्हणजे जायचं.

त्याच वर्षी शेजारीण आईला भेटायला बँकॉकला जाऊन आली. कालवा बुजवून रस्ता केला होता. घराच्या जागी शॉपिंग सेंटर उभं होतं. आई बहिणीकडे, अकराव्या मजल्यावर. अख्ख्या बिल्डिंगला मिळून देवाचं एकच घर, कार पार्कच्या कोपऱ्यात. तिथे फुलं वाहायची ती सिक्युरिटीवाल्यानं. आई रोज लिफ्टनं खाली उतरून हात जोडते म्हणे.

"तो देव तिला ओळखतसुद्धा नाही," ती म्हणाली आणि रडली.

पुढच्याच शनिवारी तिनं गार्डन सेंटरमधून पक्ष्यांना दाणे घालायचं लाकडी घर आणलं आणि लॉनवर रोवायला घेतलं. त्यावर आपल्या घराची सावली पडलेली चालत नाही, म्हणून नवऱ्याला लॉनभर नाचवलं. लीड्समध्ये मुळात उन्हाचा पत्ता नाही, सावली कुठली पडायला!

मला हसू यायला हवं होतं. आला तो संताप.

"म्हणजे तू जाणार नाहीस?"

"नाही."

"आणि मी?" मी भिंतीवरून ओरडलेच. मला एकटीला टाकून ती घरी पोहोचली होती, असंच वाटलं.

ती हळूच म्हणाली, "तुझ्याकडे उदबत्ती आहे का गं? माझी संपलीय."

घरात जाऊन मी अख्खा पुडा आणला आणि तिच्या हातात कोंबला. परत आले ती तडक पुढच्या खोलीत गेले, खुर्चीवर चढले आणि पडदे उतरवायला लागले. हे धावत आले.

"अगं, हे काय चाललंय?"

"लेस्टरच्या गुरुजींना फोन करा. वास्तुशांत करायचीय."

"आता? आपण परत जाणार होतो ना?"

"कुठे?" मी म्हटलं. "सांगा ना, कुठे?"

हे दुसरी खुर्ची ओढून वर चढले आणि पलीकडच्या टोकाचे हूक सोडवायला लागले.