माझ्या आकड्यानं अडलेलं पाणी

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी मी माण तालुक्यात ओव्हरसियर होतो. वय पंचवीस, डोक्यावर हॅट आणि अंगात भरपूर मिजास. दहिवडीपलीकडच्या एका गावात ओढ्यावर बंधारा बांधून झाला होता. तिथून शेतांपर्यंतचा पाट गावकऱ्यांनी अंगमेहनतीनं खणायचा होता. यंत्रातून जमिनीची लेव्हल, म्हणजे चढ-उतार, मोजून किती खोल खणायचं ते मी सांगायचं आणि मुकादमांनी खणून घ्यायचं.

मुकादम गावातलेच, पन्नाशीचे शेतकरी. पहिल्या लढाईत पलटणीबरोबर खंदक खणून आलेले. काम अर्ध्यावर आलं तेव्हा एका बाभळीपाशी ते उकिडवे बसले, वाकून बराच वेळ पुढं बघत राहिले आणि म्हणाले, "सायेब, हितनं म्होरं चढ वाटतोय. येकदा परत बघा की."

"यंत्र खोटं बोलत नाही, मुकादम," मी म्हणालो. परत काही बघितलं नाही.

त्या वर्षी पाऊस बरा झाला, बंधारा भरला. पाटाचं दार उघडायला सगळं गाव जमलं. पाणी धावत सुटलं, त्याच्या बाजूनं पोरं पळाली आणि बाभळीपाशी येऊन पाणी थांबलं. फुगलं, काठावरून सांडायला लागलं. पुढचा पाट कोरडा ठणठणीत.

सगळे माझ्याकडं बघत होते. मी घाबरलो. "मुकादमांनी पुरेसं खणूनच घेतलेलं नाही!" मी ओरडलो. "उद्यापासून कामावर दुसरा माणूस."

मुकादम टॉवेल खांद्यावर टाकून चिखलातून घरी चालत गेले.

दोन दिवसांनी मी साताऱ्याला घरी आलो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे यहुदी. दरफाळणीचा सण तोंडावर आला होता. त्या दिवशी दार लावून, पांढरे कपडे घालून आम्ही उपास करतो आणि वर्षभरातल्या चुकांची देवाकडं क्षमा मागतो. आई घर धुऊन काढत होती. मी मोठ्या साहेबांसाठी अहवाल लिहायला बसलो, सगळा दोष मुकादमांच्या माथी मारणारा. आकडे जुळवताना हात थांबला. बाभळीपासून पुढच्या खोलीचा आकडा कच्च्या वहीत चार फूट होता. पक्क्या तक्त्यात तीन. अक्षर माझंच.

पाट तिथून पुढं फूटभर उंच राहिला होता. मुकादमांनी मी सांगितलं तेवढंच, इंचाइंचानं बरोबर खणलं होतं.

बाबा इस्पितळातून निवृत्त झालेले कंपाउंडर. त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "उपासाच्या दिवशी देवाची माफी मागतो."

"देवाचं काय बिघडवलंस तू?" बाबा म्हणाले. "माणसाला दुखावलंस तर त्या माणसाकडं जावं लागतं. त्यानं माफ केल्याशिवाय आपला उपास पोचत नाही."

"लोक हसतील, बाबा. पुन्हा कोण ऐकेल माझं?"

"अरे, आपल्या पोथीतला तो पूर्वज, ज्याच्या नावावरून आपल्याला यहुदी म्हणतात, त्यानं काय केलं? सुनेवर आळ घेतला. खरं समोर आलं तेव्हा भर लोकांत म्हणाला, ती खरी, चुकलो मी. त्याच्याच घराण्यात पुढं राजे झाले."

दुसऱ्या दिवशी पहाटेची सर्व्हिस मोटार धरली. मुकादमांच्या दारात गेलो आणि त्यांना चावडीवर चलायची विनंती केली. माणसं जमली. मी हॅट काढून हातात घेतली.

"खणण्यात काही चूक नव्हती," मी म्हणालो. "आकडा मी चुकीचा लिहिला. मुकादमांनी सांगितलं तेव्हा ऐकलं नाही आणि वर त्यांनाच बोल लावला. मुकादम, मला माफ करा."

शेवटचं वाक्य बोललो तेव्हा आवाज माझा मलाच भक्कम वाटला.

मुकादम मग म्हणाले, "पलटणीत लय सायेब बघितलं. चुकलो म्हणणारा येकबी न्हाई भेटला. किती खणायचं ते बोला."

"एक फूट. पण आधी तुम्ही माझ्यासोबत यंत्रातून बघा."

"व्हय, बघू की," ते हसले. मागून एकजण ओरडला, "आता सायबाचा आकडा खरा मानायला हरकत न्हाई रं!" सगळी चावडी हसली, आणि मीही.

घरी येऊन उपास केला. इतका हलका उपास मला पूर्वी कधी घडला नव्हता. अहवाल नव्यानं लिहिला, चूक माझ्या नावावर घातली. साहेबांनी लेखी ताकीद दिली, ती निमूट घेतली.

सण उरकून परत गेलो तो टिकाव घेऊनच पाटात उतरलो. मुरूम कठीण, हाताला फोड आले. बायकाही पाट्या उचलायला आल्या. सात दिवसांचं काम पाच दिवसांत आटोपलं.

सहाव्या दिवशी सकाळी दार उघडायला मुकादमांनी मला पुढं केलं, मी त्यांना पुढं केलं. शेवटी दोघांनी मिळून उचललं. पाणी बाभळीपाशी आलं, क्षणभर घुटमळलं आणि पुढं सरकलं. मग पळायलाच लागलं. आम्हीही पळालो, म्हातारे, पोरं, लुगड्याचे काष्टे खोचलेल्या बाया, सगळे पाटाच्या काठानं ओरडत. शेवटच्या वावरात पाणी शिरलं तेव्हा मुकादमांनी मला उचलून खांद्यावर घेतलं, आणि तिथून मला सगळी शेतं चकाकताना दिसली.