आग्रे वहिनींचा खांदेपालट

मागच्या थंडीत कल्याणच्या घाऊक बाजारात एक कुजबुज सुरू झाली. काट्यावरच्या भाविका आग्रेने म्हणे नवऱ्याला हातगाडीला जुंपलं! भरदुपारी, कांदा-बटाट्याच्या गाळ्यांसमोरून तो बिचारा घामाने निथळत गाडी ढकलतोय, आणि ही बाई वर पोत्यांवर बसून बोटाने दिशा दाखवतेय. बातमी पहिल्यांदा दिली लसूणवाल्या गंगुबाईंनी, आणि गंगुबाईंची बातमी त्यांच्या मालासारखीच. एक पाकळी सोलली की वास सात घरं. संध्याकाळी ती आंबिवलीला, म्हणजे आग्र्यांच्या चाळीपाशी पोचली तेव्हा भाविकाच्या हातात काठी आली होती. तिचा नवरा सुदेश ज्या सोसायट्यांच्या लिफ्ट दुरुस्त करतो त्या डोंबिवलीत पोचेपर्यंत काठीचा चाबूक झाला. आणि ठाण्यात, टेंभी नाक्याजवळ सुदेशची बहीण राहते तिथे बातमी गेली तेव्हा गाडीला घुंगरूही लागले होते.

घुंगरांचं साफ खोटं. बाकीचं बघू हळूहळू.

भाविकाचे वडील याच बाजारात तोलार होते. तोलार म्हणजे मालाचं वजन करणारा, ज्याच्या शब्दावर शेतकरी आणि व्यापारी दोघांनी मान हलवायची. त्यांच्यामागे काट्यावर भाविका आली. बेचाळीस वर्षांची, बुटकी, आवाज खणखणीत. काटा आता इलेक्ट्रॉनिक आहे, पण तो नुसता शोभेला. पोतं ट्रकमधून उतरतानाच ही सांगते, "एकावन्न." काटा म्हणतो, एकावन्न. यामुळे बाजारातल्या बायका तिच्यासमोरून जाताना श्वास आत ओढून जातात. गंगुबाई तर लांबचा रस्ता घेतात.

असल्या बाईने शर्यतीत पडावं, हे सुदेशचं काम. पंचेचाळिसावं लागल्यावर पुरुषांना काहीतरी होतं. कोणी केस रंगवतो, कोणी बुलेट घेतो. सुदेशने जिम लावली. तिथे उर्वी नावाची ट्रेनर आहे, सळसळती मुलगी. तिने सांगितलं की ठाण्यात हायब्रिड फिटनेस रेस होणार आहे, मिश्र जोडीचा गट आहे. एक किलोमीटर धावायचं, मग एक जड काम करायचं. परत किलोमीटर, परत काम. असं आठ वेळा. वजन लादलेली बिनचाकांची घसरगाडी ढकलायची, दोराने ओढायची, दोन्ही हातांत वजनं धरून चालायचं, वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन गुडघे टेकत जायचं, शेवटी जड चेंडू शंभर वेळा उंच भिंतीवर मारायचा. जोडीने धावायचं ते दोघांनी मिळून, बरोबरच. कामं मात्र हवी तशी वाटून घ्यायची. सुदेशने घरी न विचारता भाविकाचं नाव घातलं.

"अहो, मी? दिवसभर पोती मोजते मी."

"अगं, तू फक्त धाव माझ्याबरोबर. उचलायचं काम माझं."

आणि खरोखर तसंच झालं. पहिल्या शर्यतीत सुदेशने तिला कशाला हात लावू दिला नाही. ती दोराला हात घालते न घालते तोच, "सोड गं, मी करतो!" वजनं उचलते तोच, "दे इकडे!" सगळा हॉल टाळ्या वाजवत होता, काय प्रेमळ नवरा म्हणून. एक तास सत्तेचाळीस मिनिटांनी दोघं शेवटची रेघ ओलांडून आली. सुदेश तिथेच आडवा झाला. भाविकाने त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

इथवर ठीक होतं. पण नवरात्रात दोघं टेंभी नाक्याच्या देवीला गेली, नंतर बहिणीकडे सगळा गोतावळा जमला, आणि कोणीतरी विचारलं, "काय रे सुदेश, एवढा वेळ लागला?" तर सुदेश फराळाची बशी हातात धरून म्हणाला, "अरे, मिक्स्ड जोडी ना! बायको बरोबर असली की वेळ जाणारच."

सगळे हसले. भाविकाही हसली. काट्यावर बसणारी बाई अशी हसली की घाबरावं, हे सुदेशला लग्नाला अठरा वर्षं होऊनही कळलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजार थंडावल्यावर तिने वजनाच्या पावतीच्या कोऱ्या बाजूवर शर्यतीच्या वेळा लिहून काढल्या. मोबाइलवर सगळं आलेलं असतं, प्रत्येक किलोमीटर वेगळा. पहिला पाच मिनिटं पंचवीस सेकंदांत. तिसरा सहा चाळीस. पाचवा सात पस्तीस. आठवा नऊ मिनिटं दहा सेकंद. आंबिवलीहून बाजारात भाजीची पाटी डोक्यावर घेऊन येणारी म्हातारी त्यापेक्षा जोरात चालते! आठ किलोमीटरना मिळून साडेअठ्ठावन्न मिनिटं. एकाच चालीने, सहा मिनिटं वीस सेकंदांनी, सगळे धावले असते तर लागली असती पन्नास मिनिटं चाळीस सेकंद. म्हणजे जवळजवळ आठ मिनिटं रस्त्यात सांडली होती.

पण सांडली कोणी? जोडीची वेळ म्हणजे मागे राहिलेल्याची वेळ. मागे कोण होतं हे भाविकाला माहीत होतं, पण आकड्यांतून ते दाखवता येत नाही.

ते दिसलं फोटोंतून. शर्यतवाल्यांनी अकरा फोटो पाठवले होते. तिसऱ्या किलोमीटरपासून पुढच्या प्रत्येक फोटोत भाविका पुढे आहे आणि तिची मान मागे वळलेली आहे. हेच फोटो गंगुबाईंनी पाहिले होते आणि म्हणाल्या होत्या, "बघा कशी नवऱ्याकडे बघतेय, लग्न काल झाल्यासारखी!" भाविकाने तेव्हा लाजून घेतलं होतं. आता तिने मान किती वेळा वळली ते मोजलं. नऊ.

संध्याकाळी तिने पावती सुदेशच्या ताटाशेजारी ठेवली. फोटो एकेक करून दाखवले. सुदेशने भातात आमटी कालवली.

"म्हणजे मी ढ, असंच ना?"

"ढ नाही. तुम्ही सगळी पोती एकट्याने उचलता आणि मग तुम्हाला चालवत नाही. लिफ्टवाले ना तुम्ही? लिफ्टला दुसऱ्या बाजूने वजन का लावतात?"

"ते वेगळं."

"काही वेगळं नाही. पुढच्या शर्यतीला परत जाऊ. पण तिथे एकदा, एकदा जरी माझ्या हातातलं ओझं हिसकून घेतलंत, तर त्यानंतर उर्वी मॅडमबरोबर धावा. मी येणार नाही. जिमलाही नाही, ठाण्यालाही नाही."

आता सुदेश वाईट माणूस नव्हे. त्याला खरंच जमत नव्हतं. बायको ओझं उचलतेय आणि आपण मोकळे हात घेऊन उभे, हे दिसलं की त्याचा हात आपोआप पुढे जायचा. सरावात तीनदा गेला. तिसऱ्या वेळी भाविका सराव अर्धा टाकून घरी निघाली.

शेवटी वाट सापडली ती शिमग्यात. आग्रे मूळचे गुहागरकडचे. गावात शिमग्याला देवाची पालखी निघते आणि गडी ती खांद्यावर घेऊन नाचवतात. भाविका दरवर्षी ओटीचं ताट घेऊन कडेला उभी राहते. या वर्षी मात्र ती पालखीकडे बघत नव्हती, खांद्यांकडे बघत होती. गडी बदलायचे कसे? त्या गावात रीत अशी की ज्याच्या खांद्यावर दांडा आहे त्याने 'दमलो' म्हणायचं नाही. मागून येणाऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "पालट." आणि पालट मागितला की नाही म्हणायचं नाही. कितीही जोर शिल्लक असो, खांदा द्यायचा. दुसऱ्याचाही देवावर हक्क असतो.

परत येताना एसटीत भाविका म्हणाली, "अहो, मी पालट मागितला तर द्याल?"

सुदेशला क्षणभर कळलं नाही. मग कळलं आणि तो खिडकीबाहेर बघून हसला. "अगं, बायका खांदा देत नाहीत पालखीला."

"ही कुठे पालखी आहे? वाळूची पिशवी आहे."

"मागितलास तर द्यावाच लागेल," सुदेश म्हणाला. गावचा माणूस; बायकोला नाही म्हणेल, रीतीला नाही म्हणवत नाही.

यंदाच्या शर्यतीला सुदेशच्या बहिणीचं अख्खं घर बघायला आलं होतं. बंदूक वाजली आणि भाविकाने सहा वीसची चाल धरली. शेजारून जोड्यांमागून जोड्या पुढे गेल्या. म्हातारी दिसणारी एक जोडी गेली तेव्हा सुदेशच्या तोंडातून कळ आल्यासारखा आवाज निघाला.

"जाऊ द्या. त्यांची आपली गाठ पाचव्या किलोमीटरला," भाविका म्हणाली.

घसरगाडीपाशी सुदेशने एक लांबी ढकलली, दुसऱ्या लांबीसाठी खांदा लावला, आणि पाठीवर हात पडला. "पालट." त्याने बाजूला होऊन जागा दिली. दीडशे किलोंची ती गाडी भाविकाने वाकून, अख्खं अंग लावून पुढे नेली. सुदेश मोकळे हात घेऊन उभा राहिला. हातांचं काय करावं कळेना म्हणून त्याने ते शेवटी कमरेवर ठेवले. बहिणीच्या नवऱ्याने वरून हाक मारली, "काय सुदेशराव, सुपरवायझर झालात काय?" सुदेशने वर पाहिलंसुद्धा नाही.

पाचव्या किलोमीटरला ती म्हातारी जोडी भेटली. दोघं कमरेत वाकून श्वास घेत होती.

गोची झाली वजनं घेऊन चालण्याच्या वेळी. दोन हातांत चोवीस-चोवीस किलो, दोनशे मीटर. भाविकाने आपला वाटा उचलला, निम्मा चालली, आणि तिची बोटं सुटायला लागली. वजनं जमिनीवर ठेवली, पुन्हा उचलली, चार पावलं, पुन्हा ठेवली. ती काही बोलेना. बोलणार कशी? दमलेल्याने मागायचं नाही, रीत तिनेच आणलेली. सुदेशचा हात पुढे गेला. अगदी मुठीपाशी पोचला. वर गॅलरीत बहीण उभी राहिली; भाविकाची अट काय आहे हे तिलाही ठाऊक होतं, सगळ्या टेंभी नाक्याला ठाऊक होतं.

हात थांबला. मागे आला. फिरून तो भाविकाच्या पाठीवर पडला.

"पालट," सुदेश म्हणाला.

भाविकाने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. ही रीत दोन्ही बाजूंनी चालते हे त्या हुशार बाईच्या डोक्यातच आलं नव्हतं! ती वजनं सोडून बाजूला झाली.

त्यानंतरचं सोपं. वाळूची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर गेली आणि आली. चेंडू दहा त्याने, दहा तिने, असे शंभर झाले. आठवा किलोमीटर सहा मिनिटं एकतीस सेकंदांत. एकूण एक तास एकतीस मिनिटं. त्यांच्या गटात त्र्याहत्तरावा नंबर. बक्षीस पहिल्या नंबरापासून तिसऱ्यापर्यंतच होतं, पण बहिणीने पेढे आणलेलेच होते.

आठवड्याने फोटो आले. धावतानाच्या एकाही फोटोत भाविकाची मान वळलेली नाही. सुदेशचे डोळे मिटलेले आहेत आणि तोंड उघडं, पण तो शेजारी आहे. यंदाच्या नवरात्रात टेंभी नाक्यावर परत कोणीतरी विचारलं, "काय रे, सोळा मिनिटं कशी काय कापलीस?" सुदेशने बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "मी नाही. मागच्या वर्षीचा वेळ माझ्यामुळे गेला होता." मग वडा उचलला. भाविका आत भांडी घासत होती. तिने नळ बंद करून ते वाक्य ऐकलं आणि पुन्हा सोडला.

आता राहिली ती हातगाडी. सरावाला घसरगाडी कुठून आणणार, म्हणून भाविकाने बाजारातली गाडी मागून घेतली होती. चाकं असल्यामुळे तिला वजन जास्त लागत होतं. त्या दिवशी बटाट्याची पाच पोती चढवली आणि सहावं शिल्लक नव्हतं. साधारण पन्नास-साठ किलो कमी पडत होते. भाविका एकसष्ट किलोंची आहे, म्हणून ती वर बसली. दुसऱ्या फेरीत सुदेश वर बसला आणि भाविकाने ढकललं. ते कोणी पाहिलं नाही. तेव्हा चहा आला होता.