मॅग्नेशियमची चिमूट

बातमी कॉलेजच्या ग्रुपवर आली. 'आपले माजी कर्मचारी मन्मथअप्पा यांचे लातूर येथे निधन.' खाली कुणीतरी विचारलं, 'हे कोण?' लगेच दुसऱ्याचं उत्तर आलं, 'अहो, मॅग्नेशियम! गेटवरचा.' मग भराभर जोडलेले हात पडू लागले. अकरा वर्षं गेटवर बसलेला माणूस स्वतःच्या नावाने कुणाला आठवेना, टोपणनावाने आठवला. ते टोपणनाव माझ्यामुळे पडलं होतं आणि त्यांना गेटवरही मीच बसवलं होतं. ती बातमी येऊन आता सहा आठवडे झाले. लिहायचं ठरवून तीनदा कागद बाजूला सारला…

पीएचडी होऊन मी नांदेडला रसायनशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा अप्पा प्रयोगशाळेत मदतनीस होते. माणूस उदगीरकडचा. वीस वर्षं त्याच ओट्यांवर काढलेली. पाण्याचा जडपणा मोजायचा प्रयोग त्यांचा विशेष आवडता. पाण्यात काळ्या रंगद्रव्याची चिमूट टाकली की ते कॅल्शियमला धरतं आणि पाणी डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल होतं. वरून ब्युरेटच्या उभ्या काचनळीतून ईडीटीए नावाचं द्रावण थेंबथेंब सोडायचं. ते रंगाच्या हातातून धातू काढून घेतं आणि शेवटचा कण सुटला की लालाचं निळं होतं. तो एक थेंब पकडण्यावर सगळे गुण. अप्पा मुलांच्या मागून फिरत असायचे. "काय बे, अजून नवरीचा शालूच हाय का? थेंब टाक, थेंब! नळ सोडू नको." कुणाचा थेंब जास्त पडला की म्हणायचे, "घ्या! उदगीरला उतरायचं होतं, हे बिदरला जाऊन उतरलं." मुलं हसायची. माझ्या तासाला मुलं हसत नसत, हेही मला तेव्हा खुपत होतं. आज लपवून काय करू.

एका सकाळी मी लवकर गेलो, तर अप्पा ईडीटीएच्या मोठ्या बाटलीत पांढऱ्या पुडीची चिमूट टाकून बाटली हलवत होते. मागून मुलंही आत आली होती. मी विचारलं, "हे काय टाकलंत?"

"मॅग्नेशियम हाय सर. चिमूटभर. आपलं हे खडू विरघळवलेलं पाणी, यात नुसतं कॅल्शियम. ते ढिल्लं असतंय, रंगाचा हात लवकर सोडतंय. मग निळं झटक्यात येत न्हाई, जांभळं होऊन रेंगाळतंय. मॅग्नेशियम शेवटपर्यंत धरून राहतंय. आधीचे सर टाकायचे."

मला हे माहीत नव्हतं. मी म्हणालो, "अप्पा, तुम्ही किती शिकलात?"

"धाव्वी, सर. नापास."

मुलं हसली. त्या हसण्याने मला जोर चढला. "म्हणजे दहावी नापास माणसाने भेसळ करायची आणि मी ती तपासत बसायचं?"

"भेसळ न्हाई सर. या बाटलीची ताकद आपण चिमूट टाकल्यावरच मोजतो की. हिशेबात येऊन जातंय ते."

उत्तर बरोबर होतं. म्हणूनच मी लेखी तक्रार केली. द्रावणात परस्पर पदार्थ मिसळून परीक्षेची विश्वासार्हता धोक्यात आणली, असं त्यात लिहिलं. प्राचार्यांनी अप्पांना बोलावलं. ते एवढंच म्हणाले, "सरला पुस्तकात बघा म्हणावं." हा उद्धटपणा ठरला. त्यांच्या हातात शिट्टी देऊन त्यांना गेटवर पाठवलं. आठवड्याभरात पोरं ओरडायला लागली, "ए मॅग्नेशियम, गेट उघड!" मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा स्कूटरवर होतो. मला हसू आलं. अप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि गेट उघडलं.

पुढची दोन वर्षं त्या प्रयोगात कुणाचं उत्तर कुणाशी जुळत नव्हतं. मी मुलांच्या डोळ्यांना दोष द्यायचो, तिघा-चौघांना त्यात नापासही केलं. मग लातूरहून एक परीक्षक आले. फ्लास्क उजेडात धरून सहज म्हणाले, "सर, मॅग्नेशियम टाकत नाही वाटतं? जुनी रीत आहे ही." त्या दिवशी मी पुस्तक उघडलं. ज्यातून मी शिकवत होतो तेच पुस्तक. दोन ओळी होत्या, मी कधी न वाचलेल्या. दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या आधी प्रयोगशाळेला आतून कडी लावली आणि बाटलीत चिमूट टाकली. पुढेही दर वेळी आधी कडी, मग चिमूट.

सांगायला काय लागत होतं? दोन वाक्यं. पण मग तक्रार मागे घ्यावी लागली असती, सगळ्या स्टाफसमोर. मी विभागप्रमुख व्हायच्या बेतात होतो. गेटवर काम कमी आहे, अप्पा आता रुळलेत, अशी मनाची समजूत घालत राहिलो. त्यांच्या निरोप समारंभात शाल मीच घातली. 'प्रामाणिक सेवक' असं भाषणही केलं. शाल घेताना ते हळूच म्हणाले, "सर, प्रॅक्टिकल बरं चाललंय नं?" मी म्हणालो, "हो, उत्तम." ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले… जरा जास्तच थांबले. मग नारळ घेऊन खाली उतरले.

पंधरा दिवसांपूर्वी मी लातूरला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी, अक्का, तूरडाळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. चूक माझी होती, अप्पांचं बरोबर होतं, मला दोन वर्षांतच कळलं होतं, मी बोललो नाही. वाटलं होतं त्या रडतील, निदान शिव्या तरी देतील. सुपातला हातही थांबला नाही.

"त्यान्ला ठावं होतं की," त्या म्हणाल्या. "गेटवर बसून पोरान्ला रोज इचारायचे, निळं कसं येतंय रे? पोरं म्हणायची, येतच न्हाई नीट. मग एक दिवस घरी आले ते चप्पल काढायच्या आधीच म्हणले, 'सरला कळलं! पोरं म्हणायलेत, निळं झटक्यात येतंय. मॅग्नेशियमबिगर तसं येत न्हाई. आता बोलावतील बघ.' मला ॲप्रन धुवायला लावला. इस्त्री करून आणला."

त्यांनी डाळीतला एक खडा काढून बाजूला टाकला.

"नऊ वर्षं इचारत राहिले, सर. दर साली पोरं सांगायची, झटक्यात येतंय. मला वाटायचं, एखाद्या साली तरी एका पोरानं म्हणावं, येत न्हाई म्हणून. म्हणजे सरला अजून कळलं न्हाई, अशी समजूत तरी घालता आली असती त्यांची."

त्यांनी पाखडायला सूप उचललं. चहा विचारला नाही. मी उठलो.

गेल्या सोमवारी हाच प्रयोग होता. दार उघडं ठेवून, मुलांसमोर मी ती चिमूट टाकली आणि कुणाची रीत ते सांगितलं. त्यांनी वहीत उतरवून घेतलं. तास सुटल्यावर त्यांच्या मागोमाग गेटपर्यंत गेलो. नवा वॉचमन मोबाईल बघत होता. मुलं त्याच्यासमोरून गेली, त्यांना कुणी काही विचारलं नाही. निळं झटक्यात आलं होतं.