जळका लाल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सुमनलाही नाही — आणि खरं तर सांगायचं तिलाच होतं.

सुमन माझी बायको. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेली. लग्नानंतर तिने माहेरून एक चिनी मातीचा वाडगा आणला — रंगूनहून परतलेल्या तिच्या आजोबांचा. पोटावर एक राखाडी फूल. एकाच पाकळीच्या टोकाला लालसर छटा. आजोबा म्हणत, फार जुना आहे, थेट चीनमधला. तिला तेवढंच ठाऊक. मी इतिहास शिकवायचो, जुन्या भांड्यांवरची पुस्तकं माझ्या कपाटात होती.

एकदा मनीषनगरच्या घरी माझे सहकारी जेवायला आले. सुमनने वाडगा काढला, आजोबांची गोष्ट सांगू लागली. सगळे ऐकत होते — तिचं, माझं नव्हे. एवढंच. याहून मोठं कारण कुठून आणू?

वाडगा हातात घेऊन मी म्हणालो, बाजारातली नक्कल आहे, फूल लाल करायला गेले आणि भट्टीत जळलं. मग तिच्या बोलीची नक्कल करत, "काहून वं, कोणं फसवलं तुह्या आबाले?"

सगळे हसले. तीही हसली.

आणि मला काय माहीत होतं? हे — की सुरुवातीच्या चिनी कारागिरांना झिलईखाली तांब्यापासून काढलेला लाल रंग क्वचितच साधायचा. भट्टीत तो बहुतेकदा असाच राखाडी होऊन निघे. ते फूल जळकं होतं म्हणूनच जुनं होतं. हातात घेताच मला ते दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी वाडगा बाल्कनीत गेला, पाखरांच्या पाण्यासाठी. कित्येक उन्हाळे तिथेच राहिला. पोळी करपली की सुमन म्हणायची, "हेबी जळकंच." शेवटच्या आजारात औषधांनी तिचे हात काळवंडले. ते माझ्यापुढे धरून म्हणाली, "पाहा, मीबी जळकी निघाली." तेव्हा तरी? — नाही. मी तिचे हात चादरीखाली सारले.

तेराव्यानंतर तिची धाकटी बहीण घर आवरत होती. बाल्कनीतून तिने विचारलं, "भाऊजी, हे काहून ठेवून राह्यले? ताई तं म्हणे नकली हाये. फेकू?"

ठेव म्हटलं असतं, तर का ठेवायचं तेही सांगावं लागलं असतं.

"फेक," मी म्हणालो.

तिने आधी त्यातलं पाणी कुंडीत ओतलं.